विमानातली आमटी

धैर्यशीलनं पहिला भुरका मारला, वाटी खाली ठेवली आणि मिठाच्या बरणीकडं हात लांबवला.

पद्मजाच्या अंगाचा तिळपापड झाला. आमटी अळणी नव्हती. आजकाल ती मुद्दाम चढंच मीठ घालायची, इतकं की सासूबाई पाण्याचा तांब्या जवळ घेऊनच पानावर बसायच्या. तरी या माणसाचा हात बरणीकडं जायचा तो जायचाच.

"काय कमी आहे तिच्यात, ते तरी सांगा," ती म्हणाली.

"कमी म्हणजे... बरी आहे की." धैर्यशील मीठ ढवळत होता. "खरं वरच्यासारखी नाही गं."

"आणि वरची कुणाची आहे? शेजारणीची?"

"तुझीच की."

"मग?"

"मग काय! तीच तर गंमत आहे," असं म्हणून तो वाटी संपवून उठला.

गंमत म्हणे! पद्मजाला त्यात गंमत कुठं दिसेना. नवऱ्यानं दुसरीच्या हाताचं कौतुक केलं तर चार शब्द सुनावता येतात. स्वतःच्याच आमटीशी कशी भांडणार?

वरची म्हणजे विमानातली. तासगावच्या खराड्यांची द्राक्षं आणि बेदाणा युरोपात जायचा, आणि तिकडच्या व्यापाऱ्यांना भेटायला धैर्यशीलची सारखी ॲमस्टरडॅमची फेरी व्हायची. पुरंदरचं विमानतळ झाल्यापासून ‘भिंगरी एअर’ची थेट विमानं सुटायला लागली होती. तिकीट स्वस्त, म्हणून पाय आखडून दहा तास बसायचं. आणि जेवायचं काय, इथंच सगळी मेख होती.

त्याचं असं आहे, की उंचावर माणसाची जीभ अर्धी झोपलेली असते. केबिनमधली हवा वाळवंटासारखी कोरडी, दाब कमी, नाक सुकलेलं. वासच पोचत नाही तिथं चव कुठली लागायला? त्यात इंजिनाची घरघर कानात सतत चालू राहिली, की मेंदू गोड आणि खारट या दोन्ही चवींकडं दुर्लक्ष करायला लागतो. म्हणून विमानातलं जेवण कितीही झणझणीत करा, मेलं पुठ्ठा चावल्यासारखंच लागतं. भिंगरीनं यावर वेगळाच डाव टाकला. विमानातल्या शेगड्या काढल्या, ट्रॉल्या काढल्या, ताटल्या काढल्या. वजन उतरलं, इंधन वाचलं. प्रत्येक प्रवाशाच्या हातात फक्त एक पिशवी द्यायची. तिच्यात डाळ-तांदळाची पांढरीफटक बेचव पेज, पोट भरण्यापुरती.

चव वेगळी मिळायची. टाळूला एक पट्टी चिकटवायची, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. ती जिभेला विजेची अगदी हलकी स्पंदनं द्यायची, की मिठाचा कण तोंडात नसताना खारट लागावं, आणि साखर नसताना गोड. नाकपुडीला एक चिमटा लावायचा, त्यातून वास. या चिमट्याला सगळे नथच म्हणायचे. मिशीवाले बागायतदार नथा घालून ओळीनं पेज ओढत बसलेले बघायला जाम मजा येते, असं धैर्यशील स्वतःच हसत सांगायचा. समोरच्या पडद्यावर बोट लावलं की झालं. बिर्याणी, पावभाजी, मासळीचं कालवण, नाहीतर ‘तासगावची कटाची आमटी’.

ती आमटी पद्मजाची. तिची नणंद वृषाली भिंगरीच्या चव विभागात इंजिनियर होती. गेल्या होळीला ती एक यंत्र घेऊन माहेरी आली आणि म्हणाली, "वहिनी, तुझ्या आमटीचा वास टिपून नेते." नेला. आणि काय चमत्कार! आचाऱ्यांचे नामांकित पदार्थ वर गेल्यावर मिळमिळीत लागत होते आणि ही एकटी आमटी जिवंत लागत होती. प्रवासी तीच मागायला लागले. शेवटी कंपनीनं तिलाच माप धरलं आणि बाकीचे सगळे पदार्थ त्या मापावर बसवले. तासगावात पद्मजाचा सत्कार झाला. भिशीतल्या बायका तिला ‘विमानवाली’ म्हणायला लागल्या. खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं. बारावीनंतर लग्न करून या घरात आलेल्या बाईला एवढ्या वर्षांत कुणी शाल दिली नव्हती.

पण इकडं घरातल्या जेवणाचा बट्ट्याबोळ झाला होता. जेवढ्या फेऱ्या वाढत होत्या, तेवढी धैर्यशीलला घरची चव कमी लागत होती. पोह्यांवर मीठ, कलिंगडावर मीठ, लोणच्यावरसुद्धा मीठ! पद्मजा चुलीपुढं उभी राहून आमटी पुन्हा पुन्हा चाखायची आणि तिला स्वतःचाच भरवसा वाटेनासा व्हायचा. आपल्या हाताची चव गेली काय? रात्री अंथरुणावरसुद्धा तिच्या जिभेवर तीच आमटी फिरत राहायची.

मग जानेवारीत, पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या पेट्या मोजताना धैर्यशीलच्या नाकाचा घोळणा फुटला. रक्त थांबेना. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि पुन्हा बांधून बघितला.

"मीठ बंद," ते म्हणाले. "वडिलांचं काय झालं ते माहीत आहे ना?"

माहीत कसं नसेल? त्याच पॅकहाउसमध्ये सासरे कोसळले होते. त्यानंतर तोंड वाकडं, उजवी बाजू लुळी. सासूबाईंनी, म्हणजे पद्मजाच्या आत्यांनी, त्यांना चमच्यानं भरवत भरवत शेवटपर्यंत नेलं होतं. पद्मजा दवाखान्यातून घरी आली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं बरणी उचलली आणि वरच्या फळीवर डब्यांमागं ढकलली. एवढे दिवस नवऱ्याला खूश करायला आपणच वाटीत विष कालवत होतो!

धैर्यशीलनं मात्र नवीनच शक्कल काढली.

"अगं, पट्टीत मीठ नसतंच! नुसती वीज. उलट माझं पथ्य विमानातच होतंय बघ," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात जातोच एक फेरी मारून."

"काही काम आहे का तिकडं?"

"काम... काढलं की निघतंय काम."

पद्मजा त्याच्याकडं बघतच राहिली. माणूस जेवायला विमानात निघाला होता! बायकोच्या हातचं खायला बायकोला सोडून दहा तास लांब!

"मीपण येणार," ती म्हणाली.

"तू? कशाला?"

"माझ्या नावानं तिथं काय खाऊ घालतात, ते मला एकदा खाऊन बघायचंय."

विमान सकाळचं होतं. खिडकीची जागा धैर्यशीलनं तिला दिली, पण तिचं बाहेर लक्ष नव्हतं. पट्टी टाळूला लावताना दोनदा ठसका लागला. नथ लावली, पडद्यावरच्या स्वतःच्या आमटीवर बोट ठेवलं आणि पेजेच्या पिशवीची नळी तोंडात धरली.

पहिल्या घोटाला तिचे डोळे मिटले. कट, गूळ, चिंच, काळा मसाला, वरून ओल्या खोबऱ्याची साय, सगळं जागच्या जागी होतं! इतकी सुरेख आमटी तिनं जन्मात केली नव्हती. ही बया जर रोज वर भेटत असेल, तर खालच्या पद्मजाला कोण विचारणार?

"कशी आहे?" धैर्यशीलनं नथ सावरत विचारलं. लहान मुलासारखा तोंडाकडं बघत होता.

"आहे चांगली," ती म्हणाली आणि तोंड खिडकीकडं फिरवलं.

तिला अर्धी पिशवीसुद्धा गेली नाही. पुढचे सगळे तास ती चुळबुळत बसली. विमान उतरायला लागलं तेव्हा हवाई सुंदरी ट्रे घेऊन आली. नियमच होता, खाली उतरण्याआधी नथा, पट्ट्या आणि पिशव्या परत करायच्या. पद्मजानं नथ दिली. पिशवी मात्र तिला देववेना. खराड्यांच्या घरात पानात टाकायची पद्धत नाही, सासऱ्यांचा दंडक होता तो. अर्धी पेज कचऱ्यात जाणार, या कल्पनेनंच तिला कसंतरी झालं. तिनं पिशवी पदराखाली सरकवली आणि पट्टी काढल्यासारखं करून तोंड मिटून घेतलं.

विमान टेकलं. दाराला जिना लागायला वेळ होता. इंजिनं बंद झाली, कानातले दडे सुटले, सगळीकडं एकदम शांत झालं. पद्मजानं पदराआड पिशवी धरली आणि उरलेला घोट घेतला.

आई गं! मीठच मीठ!

ती इतकी दचकली, की पिशवी पायावर पडली. नाकातला वास गेला होता, कानातली घरघर गेली होती, आणि उरली होती नुसती जिभेवरची खरी चव. ती चव तिला अनोळखी नव्हती. अगदी हीच आमटी, याच तोंडानं, तिनं एकदा आधी खाल्ली होती.

गेल्या होळीला तिचा आणि आत्यांचा अबोला होता. कारण काय, तर पुरण. आत्यांना ते पाट्यावर वाटायला हवं होतं, पद्मजानं ते यंत्रातून काढलं. झालं! दोघी एकाच स्वयंपाकघरात पाठीला पाठ लावून राबत होत्या. नैवेद्याचा स्वयंपाक, तेव्हा कुणी चाखायचा प्रश्नच नव्हता. पद्मजानं आमटीत मीठ घातलं आणि ती पोळ्या लाटायला बसली. आत्यांनी येऊन मीठ घातलं, कारण सुनेनं घातलंय की नाही हे विचारायला तोंड उघडावं लागलं असतं. वृषाली वाटीत यंत्राची कांडी बुडवायला आली तर आत्या कडाडल्या होत्या, "आधी होळी, मग तुझं यंत्र!" होळीला नैवेद्य दाखवून ताट परत आलं तशी वृषालीनं कांडी बुडवली आणि पुण्याची गाडी गाठायला न जेवताच पळाली. मागं पानावर बसलेल्यांनी भुरका मारला आणि एकेकाचे डोळे पांढरे झाले. पद्मजानं कढत पाणी वाढवून ती आमटी कशीबशी निभावून नेली होती. वृषाली नुसता वास घेऊन गेली, असं ती धरून चालली होती. मीठही त्या कांडीवर बसून गेलं, हे तिच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

"अहो," तिनं धैर्यशीलचं मनगट धरलं. "ही आमटी बिघडलेली आहे."

तो हसला. "आता स्वतःच्याच आमटीत खोट काढायला लागलीस?"

घरी आल्या आल्या तिनं वृषालीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"तरीच," वृषाली म्हणाली. "वर खारट कमी लागतं, म्हणून दुप्पट मीठ तिथं बरोबर बसलं. आणि आम्हाला वाटलं तुझ्या हातातच काहीतरी जादू आहे."

"ते राहू दे. तुझ्या दादाचं काय? पट्टीत मीठ नाही म्हणतात, मग त्यांना घरी अळणी का लागतं?"

"मीठ नाही गं, पण जिभेला ते कुठं माहीत आहे? जिभेला जेवढं खारट सारखं मिळतं, तेवढं ती साधं धरून चालते. आणि पट्टी शिकते, वहिनी. माणसाला आवडतंय असं दिसलं, की पुढच्या वेळी जरा चढवते. उतरवतेही, पण मापाच्या खाली कधीच नाही. आणि माप म्हणजे तुझी आमटी."

"म्हणजे खाली आले की ते खऱ्या मिठानं ती भूक भागवतात."

"हो," वृषाली म्हणाली.

"मग माप बदल."

"बदलायचं म्हणजे तीच आमटी, त्याच हाताची, नव्यानं टिपायला लागेल. येत्या होळीला मी येतेच आहे, नवीन पट्टीसाठी." तिचा आवाज पडला. "पण वहिनी, मीठ उतरलं तर वर सगळंच फिकं लागणार. लोक बोंबलतील. मला आता कुठं विभागाचं प्रमुख केलंय, ते या आमटीच्या जोरावर."

होळी आली. वृषाली यंत्र घेऊन दुपारीच हजर झाली. बाहेर सोप्यावर धैर्यशील पाय पसरून बसला होता. आदल्या दिवशी त्याच्या उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या आणि त्यानं ते लपवायचा प्रयत्न केला होता, पण आत्यांच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. त्या तेव्हापासून देवघरातून हलल्या नव्हत्या.

स्वयंपाकघरात आमटीला उकळी फुटत होती. वृषाली वहिनीच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"वहिनी, तेव्हा होतं तेवढंच घाल. दोघींनी मिळून घातलं होतं तेवढं. दादाला मी विमानात बसू देणार नाही, मी त्याला समजावते. पण माझं हे मोडू नकोस गं."

पद्मजाच्या मुठीत मीठ होतं. ती या घरात आली तेव्हा ही पोरगी शाळेत होती. तिच्या दोन वेण्या पद्मजाच घालायची. इंजिनियरिंगला पाठवायचं म्हटल्यावर घरात जो तमाशा झाला, त्यात हिच्या बाजूनं एकटी पद्मजा उभी राहिली होती. आणि आज तीच हात जोडून उभी होती. शिवाय स्वतःचं काय? मीठ बरोबर घातलं, की विमानवाली संपली. शाल कपाटात राहील आणि भिशीतल्या बायका नव्या कुणाच्या तरी पाठीमागं लागतील.

"तू दादाला बसू देणार नाहीस," पद्मजा म्हणाली. "आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कोण असतं? त्याच्याही घरी कुणीतरी चुलीपुढं उभी असेल की. स्वतःचीच आमटी पुन्हा पुन्हा चाखून बघत."

वृषालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती मागं सरली नाही.

पद्मजानं मूठ सोडली. एकदाच. डाव फिरवला आणि झाकण ठेवलं.

तेवढ्यात आत्या आत आल्या. सवयीप्रमाणं त्यांचा हात फळीवरच्या बरणीत गेला, चिमूट भरली आणि पातेल्यापर्यंत येऊन तिथंच थांबला.

"घातलंस का गं मीठ?" त्यांनी विचारलं.

"घातलं, आत्या."

"मग असू दे." त्यांनी मीठ परत बरणीत सोडलं आणि हात झटकला.

वृषालीला अजूनही आईच्या हातून बरणी घेऊन स्वतः मीठ घालता आलं असतं. ती बाहेर सोप्याकडं बघत राहिली. धैर्यशील डाव्या हातानं उजवा हात चोळत होता. होळीला नैवेद्य दाखवून ताट आत आलं, तशी तिनं गुपचूप कांडी वाटीत बुडवली, यंत्र पिशवीत घातलं आणि न जेवता निघून गेली. जाताना वहिनीशी एक शब्द बोलली नाही.

नवी पट्टी आली आणि व्हायचं तेच झालं. प्रवाशांनी पहिल्या दिवसापासून बोंब मारली. आमटी तर साफ आपटली, तिच्या जागी भरपूर चीज घातलेली पावभाजी आली. पण माप उतरलं ते उतरलं. जीभ खारटाला कशी सोकावते यावर वृषालीनं लिहिलेला अहवाल वाचून कंपनीच्या डॉक्टरांनी ते परत चढवायला नकार दिला. वृषालीला मात्र खुर्च्यांच्या विभागात टाकलं. ती पद्मजाचा फोन उचलत नव्हती.

धैर्यशीलची प्रकृती थोडी ताळ्यावर आल्यावर हंगामाची शेवटची फेरी टळेना, म्हणून तो गेला. उतरल्याबरोबर त्याचा फोन आला.

"पद्मा, आमटी पार अळणी केलीस गं! यादीच्या तळाला सापडली, खरं काही राम नाही तिच्यात."

पद्मजा हुंदके देऊन रडायला लागली. कितीतरी महिन्यांनी तिला मोकळं वाटत होतं.

"अगं, रडायला काय झालं? मी सहज म्हणालो."

"काही नाही. घरी या तुम्ही," ती म्हणाली. "इथं वाढते."

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात पुन्हा पुरणाचा घाट होता. आमरस होता, पोळी होती, कटाची आमटी होती. आणि ध्यानीमनी नसताना दारात वृषाली उभी राहिली. आत्यांनी तिला पाट दिला. ती बसली, पण वहिनीकडं बघेना. पद्मजा वाढत आली आणि तिच्या वाटीत आमटी घालून पुढं गेली.

वृषालीनं आमटीचा भुरका मारला. थांबली. पुन्हा एक मारला. तिचा चेहरा कोड्यात पडल्यासारखा झाला. चव विभागात रोज ती जुनी पट्टी तोंडात धरून बसायचं तिचं कामच होतं, हे पद्मजाच्या आत्ता लक्षात आलं.

"वहिनी," वृषाली मान खाली घालून म्हणाली. होळीनंतरचा तिचा हा पहिला शब्द. "जरा मीठ दे गं."

धैर्यशील खो खो हसायला लागला. "नाही मिळायचं! मीसुद्धा रोज मागतोय."

वृषालीनं इकडं तिकडं बघितलं. बरणी आत्यांच्या मांडीवर होती आणि आत्यांनी तिच्यावर दोन्ही हात ठेवले होते.

पद्मजा तिच्या पानापुढं वाकली आणि वाटीत आणखी एक पळी आमटी वाढली.

"जेव आधी," ती म्हणाली. "यांनाही आता कुठं लागायला लागलीय. तुलाही लागेल हळूहळू."